इन्व्हर्टिबल आहे म्हणून मॅट्रिक्स चालेलच असं नाही

कोल्हापुरातल्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘डिजिटल नेटला स्वतःच्या जनरेटिंग मॅट्रिक्स द्यायच्या तर ० आणि १ च्या कुठल्याही इन्व्हर्टिबल मॅट्रिक्स घ्या. रँक नमपायने तपासा. उरलेलं स्क्रॅम्बलिंग सांभाळतं. सोबोलच्या फाइलमधले आकडे तसेच कॉलमात भरा.’ डिजिटल नेट म्हणजे यादृच्छिक आकड्यांऐवजी वापरायचे, सारखे पसरवलेले बिंदू; सोबोल हा त्याचाच एक प्रकार. दर अक्षाची एक जनरेटिंग मॅट्रिक्स बिंदूच्या क्रमांकाच्या बिटांवरून त्या अक्षावरची किंमत काढते, आणि स्क्रॅम्बलिंग त्या किमतीचे बिट यादृच्छिकपणे बदलतं. चारही सल्ले चुकीचे आहेत. प्रोग्रॅम एरर देत नाही, उत्तर मात्र बिघडतं.

‘कुठल्याही इन्व्हर्टिबल’, म्हणजे जिची उलट मॅट्रिक्स निघते अशी: त्याने फक्त तो एक अक्ष सारखा भरतो. समजा एका अक्षावर राधानगरीच्या पाणलोटातला पाऊस आहे, दुसऱ्यावर धरणाचा विसर्ग, आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडेल का, ते काढायचंय. दोन्हीकडे एकक मॅट्रिक्स (कर्णावर १, बाकी ०) दिली, तर प्रत्येक अक्ष निर्दोष, पण सगळे बिंदू कर्णावर! खरी कसोटी दोन्ही मॅट्रिक्स एकत्र घेऊन लावायची. १०२४ बिंदूंसाठी पहिलीच्या वरच्या ३ ओळी आणि दुसरीच्या ७, मग ४ आणि ६, अशा ०-१० पासून १०-० पर्यंतच्या ११ वाटण्यांत दर वेळी दहाही ओळी परस्पर स्वतंत्र हव्यात, म्हणजे कुठलीही ओळ बाकीच्यांच्या बेरजेतून येता कामा नये. पहिली एकक आणि दुसरी मॉड्युलो २ घेतलेला (सम म्हणजे ०, विषम म्हणजे १) पास्कलचा त्रिकोण (कर्णाच्या वर भरलेला) ही जोडी सगळ्या वाटण्यांत टिकते.

‘रँक नमपायने’: ही पायथनची लायब्ररी वास्तव संख्यांवर रँक, म्हणजे स्वतंत्र ओळींची संख्या, काढते. ११०, ०११, १०१ या ओळींचा डिटर्मिनंट २ येतो, म्हणजे नमपायच्या लेखी रँक ३. इथे बेरीज म्हणजे एक्सऑर (१ + १ = ०). तिन्ही ओळींचा एक्सऑर शून्य, म्हणून रँक २. गाउसियन एलिमिनेशन एक्सऑरनेच करा.

‘स्क्रॅम्बलिंग सांभाळतं’: हा सल्ला सगळ्यांत घातक. वरच्या कर्णाच्या उदाहरणात दोन्ही अक्षांचा पहिला बिट (किंमत अर्ध्याच्या खाली की वर) एकच असतो. स्क्रॅम्बलिंग तो फार तर उलटवतं, त्यामुळे दोन बिट एकतर कायम सारखे राहतात, नाहीतर कायम विरुद्ध. चारपैकी दोन चौकोन रिकामेच. विरुद्ध पडले, तर जोराचा पाऊस आणि मोठा विसर्ग एकत्र कधीच येत नाहीत, म्हणजे नेमका पूरच गणितातून गायब.

‘आकडे तसेच भरा’: जो आणि कुओ यांच्या २१२०१ मितींच्या (म्हणजे अक्षांच्या) सोबोल फाइलमध्ये मॅट्रिक्स नाहीतच. तिथे बहुपदीची कोटी, सहगुणकांचा कोड आणि सुरुवातीचे विषम आकडे असतात. पहिली मिती फाइलमध्ये नसते, ती एकक मॅट्रिक्सने आपणच द्यायची. दुसऱ्या मितीला फाइल फक्त १ देते, पुढचे ३, ५, १५ रिकरन्सने, म्हणजे आधीच्या आकड्यांवरून, काढायचे. मग ३२ बिटांत पहिला आकडा ३१ घरं डावीकडे, दुसरा ३०, तिसरा २९: २१४७४८३६४८, ३२२१२२५४७२, २६८४३५४५६०. न सरकवता भरले, तर १०२४ बिंदूंत या मितीची एकही किंमत ०.००००००२४ च्या वर जात नाही. काही लायब्ररींना बिट उलट्या क्रमाने लागतात, तिथेही हाच घोळ होतो. स्क्रॅम्बलिंग बंद ठेवून पहिले दोन बिंदू छापा: पहिला सगळा शून्य, दुसरा या दोन्ही मितींत बरोबर ०.५.