पोराला कर्ज काढून द्या, वळण लागेल

पोराचा इंजिनिअरिंगला नंबर लागला की आधी अंबाबाईला जा, मग बँकेत. सरकारकडं बघूसुद्धा नका. कराच्या पैशातून शिकणं हा फुकटेपणा आहे, हे कोल्हापुरात गंगावेशीत दुधाचा ग्लास हातात धरून चारचौघांना ठणकावून सांगा. आपण स्वतः बोर्डिंगात राहून, अनुदानित कॉलेजात किरकोळ फी भरून शिकलो, हे सांगायची गरज नाही. तो काळ वेगळा होता.

घरफाळ्याच्या बिलात ‘शिक्षण कर’ अशी एक ओळ असते, तिथं नजर रेंगाळू देऊ नका. प्राप्तिकरावर ४ टक्के ‘आरोग्य व शिक्षण उपकर’ कापतात, तोही जोतिबाला वाहिला समजा. शिक्षणापायी दोन-दोन ठिकाणी पैसे भरायचे आणि शिक्षणाला पैसे मागायचे नाहीत, यालाच म्हणतात स्वाभिमान.

कर्जाचं गणित सोपं आहे. हप्ता साधारणपणे कोर्स संपल्यावर वर्षभरानं सुरू होतो. व्याजाला मात्र एवढी सवड नसते. पोरगं लेक्चरला झोपलं तरी व्याज जागं असतं. रक्कम साडेसात लाखांच्या वर गेली की बँक बहुधा तारण मागते. मग उसाचं रान कशाला ठेवलंय? पुढं पुण्यात पोराला पंधरा-वीस हजारांची नोकरी मिळाली, तर बाजाराला दोष देऊ नका, पोराला द्या. जुन्या कररचनेत राहिलात तर व्याजावर प्राप्तिकरात वजावट आठ वर्षं मिळते. म्हणजे तेवढा कर सरकार सोडून देतं. म्हणजे शेवटी करदात्यांच्याच... असू दे, एवढ्या खोलात कशाला शिरा?

मुलगी असेल तर जरा पंचाईत आहे. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर २०२४ पासून राज्यात बऱ्याच व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींची फी माफ आहे. घाबरू नका. मेस, खोलीभाडं आणि लॅपटॉपवर कर्ज निघतं.

खरी अडचण शाहू महाराजांची. १९०१ पासून त्यांनी वसतिगृहं उभी करायला घेतली, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड! दंड बापाला आणि खर्च दरबाराला, हा कसला उलटा कारभार? बोर्डिंगच्या दारातच कर्जाची खिडकी उघडली असती, तर कोल्हापूर कुठल्या कुठं गेलं असतं.

तरी २६ जूनला, शाहू जयंतीला, दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्याला हार घालायला चुकू नका. फोटो काढून झाला की तसंच बँकेत जा. जामीन मागितलाच तर मेव्हण्याला सोबत घ्या. नाही कसा म्हणेल? त्याच्या पोराच्या कर्जाला जामीन तुम्हीच आहात.