खुलासा: ‘आई अडाणी म्हणून मूल खुरटं’ हे अर्धसत्य

आई शिकलेली नसते म्हणूनच मूल खुरटं राहतं, असा संदेश फिरतो आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शाळेत न गेलेल्या आयांची ४६ टक्के मुलं खुजी, म्हणजे वयाच्या मानाने कमी उंचीची, आढळली, हे खरं. पण बारावी किंवा पुढे शिकलेल्या आयांचीही २६ टक्के मुलं खुजीच होती! शिक्षणासोबत घरची मिळकत, लग्नाचं वय, शौचालय हेही बदलतं. सगळा फरक शाळेच्या खाती टाकता येत नाही.

आणि नुसतं ठाऊक असूनही भागत नाही. सहा महिन्यांनंतर बाळाला दिवसातून दोन-तीनदा, नवव्या महिन्यापासून तीन-चारदा घट्टसर वरणभात, तेल-तूप, अंडं लागतं. वरणाच्या नुसत्या पाण्याने पोट भरतं, वाढ होत नाही. ऊसतोडीला पहाटेच फडात जाणाऱ्या आईला हे ठाऊक असलं, तरी भरवणार कधी? तिथे पाळणाघरच हवं.