सलाईन बंद करून काढा घ्या म्हणे!

आमच्या आत्तीची किमो चालू आहे. परवा कळंब्याला भेटायला गेलो तर म्हणाय लागली, "पुढच्या टायमाला सलाईन नको म्हणून सांगणार हाय, बिल फुगवायला लावत्यात." हे डोक्यात घातलं कुणी, तर मोबाईलवर फिरणाऱ्या त्या फॉरवर्डनं, आणि पाठवणारे आमचेच दाजी. त्यात काय लिहिलंय, तर किमोचं विष किडनीत कायमचं साठतं, सलाईन हा पैसे काढायचा धंदा, विष धुवायला दोन टाइम काढा घ्या, लघवी लाल झाली की किडनी गेली, आणि पेशंटचा संडास वापरला की घरच्यांना पण कॅन्सर.

सगळ्यात डेंजर ते सलाईनचं. आत्तीला सिस्प्लॅटिन नावाचं किमोचं औषध चालू आहे. हे औषध बरंचसं लघवीवाटे जातं आणि जाता जाता किडनीतल्या बारीक नळ्यांच्या पेशींमध्ये शिरून त्यांना इजा करतं. 1970 नंतर पेशंटवर चाचण्या चालू झाल्या तेव्हा किडन्या इतक्या खराब व्हायला लागल्या की औषधच सोडून द्यायची पाळी आलेली, मग आधी आणि नंतर भरपूर सलाईन देऊन लघवीचा ओघ वाढवला तसा त्रास आटोक्यात आला, आणि 1978 ला अमेरिकेत मंजुरी मिळाली. म्हणजे सलाईन आहे म्हणून हे औषध देता येतंय, आणि दाजी नेमकं तेच बंद करायला सांगायलेत! या औषधानं मॅग्नेशियमपण लघवीतनं वाहून जातं, म्हणून बऱ्याचदा सलाईनमधनंच ते देतात. आता हार्टचा त्रास असेल तर पाणी किती चढवायचं ते डॉक्टर बघून ठरवतात, ते वेगळं.

"कायमचं साठतं" यात अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. 2000 साली लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आलं होतं, सिस्प्लॅटिन घेतलेल्यांच्या रक्तात दहा वर्षांनंतरही त्या औषधातल्या प्लॅटिनम धातूचा अंश सापडला. पण अंश. आणि तो काढ्यानं निघतो हे कुणी सांगितलं? उलट ब्रसेल्समध्ये वजन कमी करायला झाडपाल्याची औषधं घेतलेल्या बायकांच्या किडन्या निकामी झाल्या, 1993 ला तेही लॅन्सेटमध्येच छापून आलंय, पुढं त्यात अॅरिस्टोलोकिया नावाची वनस्पती सापडली. सगळेच काढे तसले नसतात, पण तुमच्या काढ्यात काय काय उकळलंय हे तुम्हाला तरी माहितीय का दाजी? आणि अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधनं मनानं पेनकिलर आणून घेणं, ते तर अजिबात नको, त्यातल्या बऱ्याच गोळ्या किडनीवरच ताण देतात.

लाल लघवी. डॉक्सोरुबिसिन हे औषधच लालभडक असतं, त्यामुळं एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. मात्र सायक्लोफॉस्फामाइड किंवा आयफॉस्फामाइड ही किमोची औषधं चालू असताना लघवी लाल झाली, जळजळ झाली, रक्ताच्या गाठी पडल्या तर लगेच फोन करायचा, कारण त्यांच्यातनं तयार होणारं अॅक्रोलिन मूत्राशय सोलवटतं. त्यासाठी मेस्ना नावाचं औषध असतंय.

संडासाचं काय, कॅन्सर असा लागत नाही. पहिले दोन दिवस औषधाचा अंश लघवीत असतो म्हणून झाकण लावून दोनदा फ्लश करा आणि साफ करताना हातमोजे घाला, बास.

आत्तीचं क्रिएटिनीन, म्हणजे किडनी नीट चालतेय का ते रक्तातनं कळतं ते, किमोच्या प्रत्येक सायकलच्या आधी तपासतात, तो रिपोर्ट मी दाजींना पाठवलाय. अजून ब्लू टिक झालेली नाही.