बीडीएसची पोरं एआयला भ्यायली म्हणे!

बारावीच्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: ‘जगभरातले डेंटलचे विद्यार्थीच सांगताहेत की एआय आमच्या पोटावर पाय देणार. चीनमध्ये रोबोटने डॉक्टरशिवाय दात बसवले. आता मोबाइलवर फोटो काढला की निदान. खेड्यात दाताच्या डॉक्टरची गरजच उरणार नाही. पोरांना बीडीएसला घालू नका.’ चंद्रपूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. खुर्चीत बसल्या बसल्या लोक मोबाइल पुढे करून ‘खरं हाय का जी?’ विचारतात, म्हणून हा खुलासा.

आधी ‘विद्यार्थीच सांगताहेत’ हे पाहू. तुर्कस्तानातल्या अकराशेच्या आसपास दंत विद्यार्थ्यांची एक पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. एआय दंतवैद्यकात क्रांती घडवेल, असं ८५ टक्क्यांहून जास्त मुलं म्हणाली. पण ते दंतवैद्याची जागा घेऊ शकेल, याला होकार देणारे ३० टक्केही नव्हते. ‘क्रांती होईल’ म्हणणं आणि ‘आमचं दुकान बंद होईल’ म्हणणं यात फरक आहे, तो मेसेज लिहिणाऱ्याने गिळून टाकला. मला खटकतो तो त्याच पाहणीतला तिसरा आकडा: एआय चालतं कसं, हे जेमतेम १० टक्क्यांना ठाऊक होतं. आपल्याकडे तरी काय वेगळं असणार? २००७ च्या नियमावलीवर बेतलेल्या बीडीएसच्या अभ्यासक्रमात हा विषयच नव्हता. नागपूर-सावंगीकडे शिकणारी मुलं भेटली की भीतीची गोष्ट कमीच निघते; ‘सर, हे शिकायचं कुठं?’ हेच विचारतात.

रोबोटचं म्हणाल तर घटना खरी आहे. २०१७ मध्ये चीनच्या शीआन शहरात रोबोटने एका बाईच्या तोंडात दोन इम्प्लांट (हाडात रोवायची कृत्रिम दाताची मुळं) बसवले. पण स्कॅन काढून जागा, कोन, खोली आधी माणसांनीच ठरवली होती आणि डॉक्टरांची टीम शेजारी उभी होती. अमेरिकेत वापरात असलेल्या योमी या यंत्रात तर ड्रिल डॉक्टरच्याच हातात असतं. हात ठरलेल्या मार्गाबाहेर जायला लागला की यंत्र अडवतं.

आता फोटोचं. दोन दाढांच्या फटीतली कीड एक्स-रेवर दाखवणारी सॉफ्टवेअर चांगली आहेत, अमेरिकेत २०२२ मध्ये त्यांतल्या काहींना मंजुरीही मिळाली. पण आमच्या भागातलं तोंड बघा. विशी-बाविशीचा पोरगा येतो. तक्रार एकच, ‘तिखट झोंबते जी.’ खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खातोस का विचारलं तर मायसमोर ‘नाही’. तोंड उघडायला लावलं की तीन बोटं जायला हवीत तिथे दीडही जात नाहीत. गालाच्या आतून बोट फिरवलं की पांढरट कातडीखाली दोरीसारखे ताठ पट्टे लागतात. हा सबम्युकस फायब्रोसिस, पुढे कर्करोगाकडे नेऊ शकणारा. हे पट्टे दाताच्या एक्स-रेवर उमटत नाहीत. आणि तोंडच उघडत नसेल तर एक्स-रेचा सेन्सर आत घालणार कसा? सॉफ्टवेअरला वाचायला काही मिळतच नाही. गालाचा फोटो काढायचा तरी तेच तोंड उघडावं लागतं.

शिवाय चंद्रपूर-यवतमाळच्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. तिथल्या मुलांच्या दातांवर पांढरे, तपकिरी डाग असतात. सुरुवातीची कीडही पांढरा डाग म्हणूनच दिसते, नवखा डॉक्टरसुद्धा इथे चकतो. जे सॉफ्टवेअर असे दात न पाहताच शिकलं, त्याने दोन्हींतला फरक ओळखावा तरी कसा? त्याला शिकवायचं तर कुणीतरी या तोंडांचे हजारो फोटो काढून प्रत्येकावर ‘हा फ्लोराइडचा डाग, ही कीड’ असं नोंदवायला हवं. ते काम दंतवैद्यालाच करावं लागेल.

राहिलं ‘बीडीएसला घालू नका’. खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे यांचं कर्ज, शहरातल्या क्लिनिकमध्ये मिळणारा तुटपुंजा पगार, ही कारणं देऊन कुणी नको म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण ती कारणं एआयच्या आधीपासूनची आहेत. आणि खेड्यात गरज उरणार नाही म्हणणाऱ्याने एवढं सांगावं: आमच्याकडे दाढ ठणकली की माणूस आधी लवंग धरतो, मग मेडिकलमधून गोळी नेतो, गाल सुजल्यावर एसटी पकडून दवाखाना गाठतो. मोबाइलने निदान केलं असं धरू, पण दाढ काढणार कोण?