घरून काम करणाऱ्या सुनेला कामाला कसं लावावं?

तुमच्या गल्लीत कुणाची सून पुण्या-बंगळूरच्या कंपनीचं काम घरी बसून करत असेल, तर तुमचं नशीबच उघडलं म्हणायचं. २०२० च्या लॉकडाऊनपासून बेळगावात अशा सुना घरोघर सापडतात. त्यांचा पुरेपूर उपयोग करून घ्यायचा, तर हे सल्ले जपून ठेवा.

ती घरात आहे म्हणजे रिकामी आहे, हे आधी मनात पक्कं करा.

कुरिअरवाल्याला तिचंच दार सांगा. सिलिंडरवाल्यालाही.

ती पुण्याहून सामान घेऊन परत आली असेल, तर ‘काढून टाकलं वाटतं?’ हे तिला विचारू नका. तिच्या आईच्या मैत्रिणीला विचारा, म्हणजे बातमी खानापूरपर्यंत पोचते.

तिच्याकडे कम्प्युटर आहेच. तेव्हा कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० रुपये जमा झाले का, हे तिनेच बघून द्यावं. येळ्ळूरच्या शेताचा उतारा तिनेच काढावा, कन्नडमधून आलेली नोटीसही तिनेच वाचून दाखवावी. ‘दोन मिनिटांचं काम आहे’ एवढं म्हणायला विसरू नका.

आता पाण्याचं. (ज्यांच्या वॉर्डात चोवीस तास नळ आहे, त्या भाग्यवंतांनी हे वाचू नये.) बाकीच्यांनी भिशीला, बाजाराला, लग्नाला जाताना घराची किल्ली तिच्या हातात ठेवावी आणि म्हणावं, ‘पाणी आलं तर तेवढी मोटर लाव.’ टाकी भरून वाहिली, तर ‘दिवसभर घरात बसून लक्ष नाही’ असं सुनवायला तुम्ही मोकळ्या. गेल्या गुरुवारी मी तिमाहीचे आकडे समजावून सांगत होते. स्क्रीनवर माझाच तक्ता, माइक माझाच चालू. इतक्यात खिडकीतून हाक आली, ‘अगं, पाणी आलंय! घरातच हाईस न्हवं?’ माइक बंद करेपर्यंत सगळ्या मीटिंगने ऐकलं होतं. साहेब म्हणाले, ‘आधी पाणी भरून घ्या.’ सगळे हसले, आणि उरलेले आकडे दुसऱ्यानेच सांगितले. हाक मारणाऱ्या काकू स्वतःच्या दारात उभ्या होत्या. मोटरचं बटण त्यांच्या पाठीमागे! पण साडी नेसून झाली होती, शहापूरला जायला रिक्षा आली होती, चप्पल काढून आत कोण जाणार? आणि वरच्या खोलीत आमचे हे बसले होते. तेही कंपनीचंच काम करतात, तेही घरूनच. त्यांना कुणी हाक मारली नाही. त्यांचं दार बंद असतं, चहा वर जातो, आणि ‘त्याची मीटिंग आहे’ म्हणून मिक्सरसुद्धा थांबतो. माझ्या मीटिंगमध्ये सासूबाई मेथीची जुडी पुढ्यात ठेवून जातात. कान तिकडे असू दे, हात तर रिकामे आहेत ना!

घरून काम करणं बेळगावला नवं आहे होय? वडगाव-खासबागेत पिढ्यानपिढ्या घरातच माग चालत आले. मागावरच्या माणसाला उठवून कोथिंबीर आणायला पाठवलेलं मी तरी पाहिलं नाही. माग थांबला की आवाज थांबतो, मजुरी बुडाल्याचं घरभर कळतं. लॅपटॉप खडखडत नाही, हाच त्याचा गुन्हा. पण त्याच मागाशेजारी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईला मात्र खुशाल उठवतात. भात लाव, पोराला घे, आलेल्याला पाणी दे. तिचं काम तेव्हाही कुणी धरत नव्हतं.

पुरे झाले सल्ले. काकू, मला पगार मिळतो तो बसण्याचा नाही. तुमची किल्ली उद्या परत घेऊन जा आणि मोटर तुमच्या मुलाला लावायला सांगा, तोही सकाळी अकरापर्यंत घरीच लोळत असतो. सासूबाई, ‘ती काय, बसूनच असते’ हे पाहुण्यांसमोर पुन्हा म्हणायचं नाही. या घराचा अर्धा हप्ता त्याच बसण्यातून जातो, बँकेचं पुस्तक उघडून बघा. आणि अहो, तुम्हाला तर सगळं माहीत आहे, तरी दार लावून बसता. सोमवारपासून दहा ते एक माझं दार बंद राहील. तेवढ्या वेळात पाणी येऊ दे, सिलिंडर येऊ दे, नाहीतर तुमची मावशी येऊ दे. खाली तुम्ही उतरायचं.