कमी किलोमीटर म्हणजे चांगली गाडी?

‘जुनी आलिशान डिझेल सेदान घेताना कमी चाललेलीच निवडावी’ हे लेखातील विधान मला पटले नाही. पेट्रोल गाडीबाबत ते एक वेळ मान्य करता येईल. परंतु डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमधील काजळी अडवणारा फिल्टर (डीपीएफ) स्वच्छ होण्यासाठी तेथील तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जावे लागते आणि शहरातल्या शहरात, थांबत-थांबत चालवलेल्या गाडीत ही प्रक्रिया अनेकदा अर्धवट राहते. तसे वारंवार झाले की हे तापमान गाठण्यासाठी जादा फवारलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि त्याची झळ टर्बोच्या (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या यंत्रणेच्या) बेअरिंगपर्यंत पोहोचते.

माझ्या गाडीच्या मीटरवरचा आकडा पाहून ओळखीच्यांनी नाके मुरडली होती. पण ती मुख्यतः महामार्गावर चाललेली होती, प्रत्येक सर्व्हिसची नोंद सोबत होती आणि डीपीएफने आजवर त्रास दिलेला नाही. खर्च झाला तो एअर सस्पेन्शनवर, म्हणजे गाडी तोलून धरणाऱ्या हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर, ज्याचा लेखात उल्लेखही नाही. त्यातील रबर न चालवताही वयाने तडकते, म्हणून रात्रभर उभी असलेली गाडी एखाद्या कोपऱ्यात खचली आहे का, हे इंजिन सुरू करण्यापूर्वीच पाहावे, कारण ते सुरू झाले की हवा भरून खचलेला कोपरा पुन्हा वर येऊ शकतो; विक्रेत्याने ती आधीच सुरू करून ठेवली असेल, तर सरळ दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.