खोकल्याचं हमखास पीक

सोयाबीन काढणीच्या पावसात भिजलं, संत्र्याची फळगळ थांबली नाही, कापसाला व्यापारी भाव द्यायला तयार नाही. म्हणून हात टेकू नका. आपल्या विदर्भात एक पीक असं आहे, की त्याला बियाणं विकत घ्यावं लागत नाही, फवारणी लागत नाही, पीकविम्यासाठी तालुक्याला चकरा माराव्या लागत नाहीत. शिवाय ते बारमाही आहे. ते पीक म्हणजे खोकला. सर्दी-पडशाचा नव्हे, तो आठ-दहा दिवसांत आपोआप वाळतो. मी म्हणतो तो अस्सल खोकला. दोन आठवडे उलटून गेले तरी हटत नाही, संध्याकाळी बारीक ताप आणतो, रात्री उशी घामानं भिजवतो आणि अंगावरचा सदरा दर महिन्याला एक माप मोठा करतो. दवाखान्यात त्याला टीबी म्हणतात. तुम्ही म्हणू नका. चारचौघांत 'धुळीचा खोकला' म्हणावं, तेच बरं दिसतं.

आधी जागा तयार करा. दिवाळीनंतर पहिल्या-दुसऱ्या वेच्याचा कापूस घरात आणा आणि पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत दाबून भरा. खिडकीला कापूस टेकला की खिडकी आपसूक बंद होते, वेगळी मेहनत नाही. 2025-26 साठी लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये जाहीर झाला आहे, पण त्याला भुलू नका. 2022 मध्ये क्विंटलमागे 10 हजारांच्या वर मिळाले होते, ते परत मिळेपर्यंत कापूस हलवायचा नाही. उरलेल्या मधल्या खोलीत सगळ्यांनी झोपायचं. तिथल्या खिडकीत उन्हाळ्यात कूलर असतो. थंडीत तो काढला की त्या भगदाडाला युरियाचं रिकामं पोतं ठोकायचं आणि फटींत चिंध्या कोंबायच्या. सकाळी दार उघडल्यावर आतून जो कोमट, आंबूस वास अंगावर येतो, तो आला की समजावं, वाफा तयार झाला.

याचं कारण असं की हा जंतू दिसतो तेवढा दांडगा नाही. रॉबर्ट कॉख नावाच्या जर्मन डॉक्टरनं 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये त्याचा पत्ता जाहीर केला. तेव्हापासून एवढं नक्की झालंय, की उन्हात तो तग धरत नाही आणि वाहत्या वाऱ्यात पांगून जातो. माणूस खोकलतो, मोठ्यानं बोलतो, भजन म्हणतो, तेव्हा तोंडातून बारीक शिंतोडे उडतात. ते वाळले की उरतो तो कण. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले एक ते पाच भाग, एवढाच. इतका हलका, की खाली पडायचं विसरतो. अंधाऱ्या कोंदट खोलीत तो तासन् तास तरंगत राहतो, कोणाच्या तरी छातीत जाईपर्यंत. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या असल्या तर बिचाऱ्याची सगळी मेहनत वाया. आपण तसं होऊ देत नाही.

आता काळजी घेण्याबद्दल. काळजी घ्यावीच, नाहीतर शेजारी नावं ठेवतात. फक्त ती अशी घ्यावी, की दिसेल सगळ्यांना आणि जंतूला लागणार नाही. याबाबतीत माझ्या चुलत घराण्याइतका आदर्श मला दुसरीकडे कुठे दिसला नाही. डिसेंबरात आजीला भेटायला गेलो होतो. आजी ओसरीच्या कोपऱ्यात खाटेवर बसलेली, बाजूला राखेचं टोपलं. काकूनं आजीचं ताट, वाटी, पेला, सगळं वेगळं केलेलं. स्टीलच्या पेल्याच्या बुडाला ओळखीसाठी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, घासताना दुसऱ्यांत मिसळू नये म्हणून.

"लेकराबायाचं घर हाये, जपा लागते नं बाप्पा," काकू म्हणाली.

"हो नं. अन् बाल्या कुठी झोपते?"

"बुढीपाशी. तिच्याबिगर झोपच नाही येत त्याले."

बाल्या नातू. सहा वर्षांचा. मधल्या खोलीत, युरियाच्या पोत्याखाली, आजीच्या दुलईत.

इतकं चोख नियोजन क्वचित पाहायला मिळतं. फुफ्फुसाचा टीबी ताटातून जात नाही, पेल्यातून जात नाही, कपड्यातून, हातात हात घेतल्यानंही जात नाही. तो जातो श्वासातून. तेव्हा ताट वेगळं करावं, हवा मात्र एकत्र कुटुंबात ठेवावी. म्हातारीला रोज दोन वेळा जेवताना आपण अस्पृश्य झालो याची आठवण होते, आपल्याला कर्तव्य केल्याचं समाधान मिळतं आणि जंतूचा प्रवास कुठेही अडत नाही. तिघांचंही भागतं. (दिवसा आजीची खाट उघड्या ओसरीवर असायची. म्हणजे जे बारा तास धोका कमी, तेव्हा तिला दूर बसवायचं, आणि जे बारा तास धोका जास्त, तेव्हा जवळ घ्यायचं. हे शास्त्र कोणी शिकवलं नाही, आपल्यात उपजत आहे.)

गोवराच्या बाबतीतही आपण असेच तयार आहोत. अंगावर पुरळ दिसलं की 'माता आली' म्हणायचं, दाराला कडुनिंबाचा डहाळा लावायचा, पोराला अंधाऱ्या खोलीत ठेवायचं आणि गल्लीतल्या पोरांना पाहायला बोलवायचं. गोवराचा रोगी खोलीतून उठून गेला तरी त्याचा विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो. जाताना तो शरीराला आधीच्या रोगांची जी ओळख झालेली असते तीही पुसून टाकतो. पोरगं मग वर्ष-दोन वर्षं येईल त्या आजाराला नव्यानं भेटतं. लस दोन टोचण्यांत मिळते, फुकट मिळते. म्हणूनच तिचं मोल वाटत नाही.

कोणी म्हणेल, कोरोनानंतर तरी लोक शहाणे झाले असतील. अहो, त्यात आपण एकटे नव्हतो. गावाच्या वेशीवर बाभळीचे काटे टाकले, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवली, नोटांवरून इस्त्री फिरवली. मार्च 2020 मध्ये खुद्द जागतिक आरोग्य संघटनेनं हा रोग हवेतून पसरत नाही असं ठणकावून सांगितलं होतं. हवेचं नाव नीट घ्यायला तिला 2021 साल उजाडलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमरावती पुन्हा कुलूपबंद झाली, तेव्हाही आपल्याकडे मंगल कार्यालयाच्या दाराशी हातावर सॅनिटायझरचे दोन थेंब पडत होते आणि आत बंद दाराआड पंगत बसत होती. त्या आजारातून उठलेल्या काहींचा दम, झोप, डोक्यातली तरतरी अजून पुरती परत आलेली नाही. त्यांना 'वय झालं' म्हणून सांगावं. पस्तिशीचा असला तरी चालतं.

थुंकण्यावरून मात्र भांडावं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर खर्र्याच्या पिचकाऱ्या, त्यांच्या वर 'येथे थुंकू नये' अशी पाटी, हा देखावा आपल्या रक्तातला आहे. खर्रा पन्नीत घोटताना निघालेला सामाजिक विषय संध्याकाळपर्यंत पुरतो. आमच्याच मातीतल्या गाडगेबाबांनी गावोगाव जमीन झाडली. हवा झाडायची राहिली, ती आपण जन्मभर तशीच राखू.

आता या पिकाचा मुख्य शत्रू: आशाताई. ती वही घेऊन येते आणि दारात उभी राहून विचारते, "घरी कोणाले दोन हप्त्याच्या वरचा खोकला?" अशा वेळी घरातल्या जाणत्या बाईनं पुढे व्हावं. "आमच्या इथं कोणाले काही नाही बाई. अन् हळू बोलजो, पोरीचं जुळवाचं हाये." सोयरीक हा शब्द ऐकला की आशाताईही नरमते. तीही याच गावची आहे. तरी तिनं डबी दिलीच, तर तोंडातली पांढरी पातळ थुंकी भरून द्यावी. सकाळी उठल्या उठल्या छातीतून ओढून काढलेला घट्ट बेडका चुकूनही देऊ नये, टीबी तपासायच्या ट्रूनॅट यंत्राला तो काही तासांत ओळखू येतो. त्यापेक्षा मेडिकलवाल्याकडून लाल औषधाची बाटली आणावी. मी स्वतः एका हिवाळ्यात अशा पाच बाटल्या रिचवल्या आहेत. चव चांगली असते.

इतकं करूनही सापडलात, तर घाबरू नका. अजून सगळं हातचं गेलेलं नाही. उपचार सहा महिन्यांचा असतो, पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. गोळीनं लघवी केशरी होते. नवख्यानं तिथेच 'रक्त जाते राजेहो' म्हणून गोळ्या फेकल्या तर उत्तम. नाहीतर दोन महिने थांबा. खोकला थांबतो, भूक लागते, गालावर मांस येतं, बायको म्हणते आता बरे दिसता. नेमकं त्याच दिवशी औषध सोडायचं. छातीत जे थोडे चिवट जंतू उरलेले असतात, ते औषध ओळखायला शिकतात. बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळी मेली म्हणून आपण पेढे वाटले होते, आणि 2017 मध्ये तीच गुलाबी अळी बोंडात आरामात बसलेली सापडली. तसंच हे. फरक एवढाच, की कापूस उपटून टाकता येतो. आणि हा शिकलेला जंतू पुढे ज्याच्या छातीत जाईल त्याला तो शिकलेलाच मिळतो, त्यानं गोळी कधी चुकवली असो वा नसो.

सरकार खाण्यापिण्यासाठी पैसे देतं. निक्षय पोषण योजनेत एप्रिल 2018 पासून महिन्याला 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1,000 झाले. खात्यात पडले की आधी मोबाईलचा रिचार्ज मारा, उरले तर कृषी केंद्राची उधारी. अंडी, शेंगदाणे, दाळ असल्या गोष्टींत घालवू नका. झारखंडमध्ये रोग्यांच्या घरच्या माणसांना नीट रेशन पुरवून पाहिलं, तर त्यांच्यातला नवा टीबी 39 टक्क्यांनी घटला, 2023 मध्ये तसं छापूनही आलं. म्हणजे नुसत्या दाण्या-दाळीनं एवढं पीक बुडतं. जपून राहा.

पुरा कोर्स करून बरं होणाऱ्यांचं काय, असं विचाराल. त्यांनाही निराश व्हायचं कारण नाही. उशिरा सापडलेला टीबी गेला तरी फुफ्फुसावर वण ठेवून जातो. बाजार समितीत एक हमाल माझ्या ओळखीचा आहे. एकेकाळी क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचा. आता काट्याजवळ बसून चिठ्ठ्या लिहितो, आणि लिहितानाही मधूनच थांबून श्वास घेतो. त्याच्या कार्डावर 'बरा झाला' असा शिक्का आहे. तो कार्ड खिशात ठेवतो, दाखवायला. सरकारी नोंदीत तो यशस्वी आहे. घरी बायको पाण्याची कॅन उचलते.

2025 पर्यंत देशातून टीबी घालवायचा, जगाच्या पाच वर्षं आधी, असा संकल्प 2018 मध्ये दिल्लीत झाला होता. आपण खिडक्या लावून घेतल्या. जगातल्या साधारण दर चार टीबीच्या रोग्यांत एक आपल्या देशातला आहे, आणि त्या चौथ्याला घडवण्यात आपला खारीचा वाटा आहे, हे कोणी नाकारू शकणार नाही.

एक सांगायचं राहिलं. भांडी फेकू नका. होळीच्या आसपास आजी गेली. काकूनं तिचं ताट-वाटी धुऊन वर फळीवर ठेवून दिलं, स्टीलचं आहे, जाते कुठी, म्हणून. परवा मी गेलो तर उन्हाळा लागला होता. पुढच्या खोलीत कापूस तसाच होता, नुसता पिवळा पडलेला. मधल्या खोलीतलं पोतं अजून काढलं नव्हतं, कूलरची मोटर जळाली होती. बाल्या ओसरीवर बसून पाटीवर रेघोट्या ओढत होता. हात पहिल्यापेक्षा बारीक दिसले. मधूनच खोकला, मग तोंड पुसून पुन्हा रेघोट्या.

"धुळीचा हाये," काकू म्हणाली. तिनं मला कपबशीत चहा दिला, त्याला पेल्यात दूध. त्यानं दोन्ही हातांनी पेला वर धरून शेवटचा घोट घेतला, तेव्हा बुडाचा लाल ठिपका दिसला.